पायांतलं कडं

श्रीवर्धनच्या वाड्यांत सुपाऱ्या काढणारा माणूस प्रत्येक पोफळीवर खालून चढत नाही. एकदा शेंड्याशी पोचला की तो ती पोफळ झुलवतो आणि शेजारची धरून तिच्यावर जातो. माझे बाबा सकाळी एका झाडावर चढायचे आणि जेवणवेळेला वाडीच्या दुसऱ्या टोकाला उतरायचे. खोडाला पकड बसावी म्हणून दोन्ही पायांत मिळून काथ्याच्या दोरीचं एक कडं असायचं. ते ज्याचं त्यानं वळायचं, दुसऱ्याचं कधी घालायचं नाही. त्या दोरीनं बाबांच्या पावलांना असे घट्टे पडले होते की आई म्हणायची, ह्यांना चपला कशाला, पायच चामड्याचे आहेत.

गेल्या हंगामात झुलवलेली पोफळ मोडली आणि बाबा पाठीवर पडले. वाडीतल्या माणसांनी नेहमीचंच केलं. काखेत हात घालून त्यांना उठवून बसवलं आणि पाणी पाजलं. पडलेला माणूस पडलेलाच ठेवणं आमच्याकडे कुणाला बघवत नाही. पुढे मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मणक्यांचा सांगाडा समोर ठेवला, तेव्हा त्या उठवण्याचा अर्थ मला कळला. मणके एकावर एक रचलेले, त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून खाली आलेला मज्जारज्जू, जेमतेम करंगळीएवढा. त्याच्यातून फुटलेल्या नसा हातापायांत जातात. पायात काटा रुतला की खबर ह्याच वाटेनं वर जाते, आणि चालायचा हुकूमही ह्याच वाटेनं खाली येतो. बाबांचा रज्जू पाठीच्या मधोमध चिरडला होता. पडल्यामुळे की उठवल्यामुळे, हे मी विचारलं नाही. विचारून कुणाशी भांडणार होते? पाणी पाजणाऱ्यांशी?

घरी आणल्यावर आई रोज सकाळी त्यांच्या पायांना खोबरेल चोळायची. बरेच आठवडे पाय नुसते पडून होते. मग एके दिवशी तिचा अंगठा तळव्यावरून फिरला आणि पाय गुडघ्यात दुमडला.

"हलला! अगो, पाय हलला ह्यांचा!"

शेजारपाजार गोळा झाला, नारळ फुटला. मी पेढे वाटले. मी, जिला गावात सगळे चिक्कू म्हणतात. बाबांनी वाडीच्या मालकांना निरोप धाडला, "माज्या पोफळींवर दुसरा मानूस घालू नका, औंदा मीच येतोय." आणि काथ्या मागवून पडल्यापडल्याच नवीन कडं वळायला घेतलं.

तपासणीला ते कडं उशाशी घेऊनच आले. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि चावीच्या टोकानं तळव्यावर रेघ ओढली. पाय ताडकन उडाला. आई माझ्याकडे बघून हसली.

"काय वाटलं, काका?" बाईंनी विचारलं.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. "करा की सुरू, बाई," ते म्हणाले. "मी तयार हाय."

बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. जखमेच्या खालचा रज्जू अजून जिवंत आहे, त्या म्हणाल्या. तळव्याची खबर तिथवर जाते आणि तोच परस्पर पायाला हुकूम देतो. डोक्यापर्यंत काही पोचतच नाही.

"म्हंजी चालता न्हाय येनार?"

"नाही, काका."

मला त्या बाईंचा भयंकर राग आला. खोटं सांगायला काय जात होतं त्यांचं, असंच वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

मालकांनी दुसरा माणूस घातला. बाबांनीच तसं कळवलं. त्यांच्या पावलांचे घट्टे आता गेलेत. तळवे तान्ह्या पोरासारखे मऊ झालेत आणि मला ते बघवत नाहीत. आई तेल लावते, पाय उडतो, ती तो पुन्हा सरळ करते.

परवा बाबांनी उशीखालून ते कडं काढून माझ्या हातात दिलं. "एकदा घाल माज्या पायांत. माप बगू."

मी घातलं. काथ्या तळव्यांना लागला मात्र, दोन्ही पाय उडाले आणि दोरी ताणून धरून थरथरत राहिले, खोडाला भिडल्यावर राहायचे तसेच. बाबा मान उचलून बघत होते.

"निघाले बग चढायला," ते म्हणाले. "मला न इचारता."