शेवटच्या ओळीतला श्वास

टीव्हीवर मोठा सामना असला की जिन्यावरची सगळी बिऱ्हाडं कानसेनांच्या बैठकीत जमतात. सामना काय, घरोघरी दिसतो. पण त्याआधीचं गाणं बघायचं ते इथेच. गायिका मैदानाच्या मधोमध उभी राहिली, की कुणीतरी विचारतंच, "काका, ही खरं गातेय की नुसतं तोंड हलवतेय?"

"ओठांकडे बघू नका," कानसेन डोळे मिचकावत सांगतात. "ओठ कुणीही हलवतं. साहेबासमोर आम्ही सगळेच हलवायचो. गळ्याची शीर बघा."

मग निवाडा होतो, पैजेचा चहा कुणाच्या तरी माथी बसतो. गाणं संपलं की मात्र कानसेन उठून स्वयंपाकघरात जातात आणि नाणेफेक होईपर्यंत बाहेर येत नाहीत. म्हाताऱ्याची लहर, असं म्हणून लोक सोडून देतात.

हे नाव त्यांना थोरल्या बहिणीनं, अक्कानं ठेवलं. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावं, म्हणतात ना, त्यातलं. आई लवकर गेली तेव्हा अक्का गाणं शिकत होती. भावाला वाढवायचं म्हणून तिनं ते सोडलं आणि इस्पितळात टेलिफोनवर नोकरी धरली. "थांबा हं, जोडून देते," हा तिचा आवाज अख्ख्या गावाच्या ओळखीचा. चेहरा कुणालाच माहीत नाही. गायची ती फक्त भांडी घासताना. भाऊ तिथेच पाट मांडून अभ्यासाला बसायचा, आणि स्वर जरा हलला की मान वर करायचा.

"आला मोठा कानसेन," असं म्हणून ती ती ओळ पुन्हा घ्यायची. भाऊ स्वतः मात्र असा बेसूर, की त्यानं तोंड उघडलं की अक्का हात जोडायची.

पुढे त्या कानांवरच त्यांचं पोट भरलं. मोठ्या मैदानावर, वरच्या काचेच्या खोलीत बसून ते आवाज सांभाळू लागले. मैदानात गाणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. समोरच्या सज्ज्यावर आपटून आवाज उशिरा परत येतो, आपलीच मागची ओळ पुढच्या ओळीवर येऊन पडते आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते. म्हणून दोन दिवस आधी गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं. त्याला ही मंडळी 'हमी' म्हणत. सामन्याच्या दिवशी शेजारी शेजारी दोन बटणं: एक माइकचं, एक हमीचं. नावाजलेले गायक तर स्वतःच येऊन हळूच सांगायचे, "हमीच लावा हो." कानसेन लावायचे. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही.

एका वर्षी अंतिम सामना चार दिवसांवर आला आणि ठरलेल्या गायिकेचा घसा बसला. व्यवस्थापक डोक्याला हात लावून बसले. कानसेन म्हणाले, "माझी बहीण गाते." अक्का तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेली. व्यवस्थापकांनी नाइलाजानं ऐकून घेतलं, आणि ऐकल्यावर दुसरं नावच काढलं नाही.

हमीचं ऐकल्यावर मात्र अक्का बिथरली. "म्हणजे शिळंच की. शिळं वाढायचं असेल तर मला कशाला नेतोस?"

"अगं, नियम आहे. नुसती करून ठेवायची. तुझी मी लावणार नाही."

"गळ्याशपथ?"

"गळ्याशपथ," पन्नाशीकडे झुकलेल्या भावानं पोरासारखी गळ्याला चिमटी लावून सांगितलं.

हमी झाली. गाण्याची शेवटची ओळ लांब आणि चढी होती. अक्काला मध्येच श्वास घ्यावा लागला. "वय झालं रे," ती म्हणाली. "पण परवा नाही घेणार बघ."

सामन्याच्या दिवशी वारा सुटला होता. कानसेनांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर अक्का रुमाल सारखा या हातातून त्या हातात करत होती. एवढं मोठं मैदान, गच्च भरलेलं, आणि मधोमध त्यांची टेलिफोनवाली बहीण. शेवटच्या ओळीत दम तुटला तर? एवढे लोक हसले तर? उद्या इस्पितळात ती कुठल्या तोंडानं जाईल?

"माइक की हमी?" व्यवस्थापकांनी विचारलं.

दुसरं कुणी असतं तर त्यांनी माइक लावला असता. बहीण होती, म्हणून हात कचरला.

"हमी," ते म्हणाले.

माइकचा आवाज आता फक्त त्यांच्या हेडफोनमध्ये येत होता. अक्काच्या कानांत वाद्यांची साथ ऐकवणारी बोंडं घट्ट बसवलेली. बाहेर काय वाजतंय ते तिला कळायला मार्ग नव्हता. ती गात होती. पहिल्या ओळीला आवाज थोडा कापला, दुसरीला सावरला, आणि मग असा लागला की कानसेनांनी तसा आयुष्यात ऐकला नव्हता. शेवटची ओळ तिनं एका दमात उचलली आणि वर नेऊन ठेवली. कानसेनांचं बोट माइकच्या बटणावर होतं. पण आता उघडलं असतं तर दोन अक्का एकमेकींवर आदळल्या असत्या. मैदान टाळ्यांनी दणाणलं, आणि त्या सगळ्या टाळ्या परवाच्या गाण्याला होत्या.

संध्याकाळभर अक्काचे पाय जमिनीला लागत नव्हते. "घेतला का रे श्वास? नाही ना?" ती विचारायची, आणि कानसेन मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना टीव्हीवर पुन्हा दाखवणार होते. काका, मावशी, भाचरं, घर भरून गेलं. गाणं सुरू झालं. अक्का गुडघ्यावर बोटानं ठेका धरून ऐकत होती. शेवटची ओळ आली, आणि त्या ओळीत श्वास आला. तिचं बोट थांबलं. मावशी डोळे पुसत होती, भाचरं टाळ्या वाजवत होती. अक्का उठून आत गेली. कानसेन मागोमाग गेले. ती पाठमोरी उभी राहून कप विसळत होती.

"माझा माइक बंद होता," ती म्हणाली.

"हो."

"तू तरी ऐकलंस का?"

"ऐकलं. एका दमात घेतलीस, अक्का. तसं मी..."

तिनं कप पालथा घातला. "तुला एकट्याला ऐकवायचं होतं, तर एवढ्या लांब कशाला नेलंस? इथेच ऐकवलं असतं की."

ती रुसली असती तर बरं झालं असतं. रुसवा काढता येतो. ती पूर्वीसारखीच वागली. दोन घास जास्त वाढायची, खोकला झाला तर काढा द्यायची. इस्पितळात लोक गाण्याचं कौतुक करायचे तेव्हा "थांबा हं, जोडून देते" म्हणायची. भांडी मात्र तिनं अखेरच्या दिवसापर्यंत मुकाट्यानं घासली.

बंद माइकचा आवाज कुणी मुद्रित करत नाही, त्यामुळे ते गाणं कुठेच नाही. सामन्याआधी कानसेन आत जातात ते त्यासाठी. नळ सोडून, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ते ती शेवटची ओळ म्हणून बघतात. कानात ती जशीच्या तशी आहे. गळ्यातून निघते तेव्हा मध्येच श्वास घ्यावा लागतो, आणि सूर तर कधीच लागत नाही.