तिसऱ्या टेबलावरची पाच मिनिटं

संधिवाताच्या फेलोशिपसाठी मी पहिल्यांदा अर्ज केला त्या वर्षी माझी निवड झाली नाही, आणि का झाली नाही ते मला स्पष्ट सांगण्यात आलं. निकालानंतर मी तिथल्या विभागप्रमुख मॅडमना भेटायला गेले. त्यांनी माझे मार्क पाहिले आणि म्हणाल्या, "लेखी चांगलं आहे. प्रात्यक्षिकात मात्र एकाही टेबलावर तपासणी पूर्ण झालेली नाही. तुम्ही पेशंटशी बोलत बसता. सांगितलंय तेवढंच करा आणि घंटेच्या आत संपवा." आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण हे शेवटचं वाक्य त्यांनी कानडीत सांगितलं. आमच्या घरी मराठी असलं तरी मी कानडीतच वाढले, म्हणून मला ते जास्त लागलं.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. मेडिसिनमध्ये एम.डी. करून हेब्बाळच्या एका खासगी रुग्णालयात नोकरी करत होते. सांधे सुजणारे, अंगावर चट्टे घेऊन आलेले, महिनोन्‌महिने ताप न सुटणारे पेशंट आमच्याकडे यायचे आणि मी त्यांना दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवून द्यायचे. ते बरे झाले की नाही ते मला कधी कळायचं नाही. हे आजार वर्षानुवर्षं चालतात, डॉक्टर आणि पेशंट एकमेकांना ओळखू लागतात. मला तेच हवं होतं. ज्या स्वभावापायी ही शाखा आवडत होती तोच परीक्षेत आडवा येत होता.

दुसऱ्या वर्षी मी तो स्वभाव मोडायला घेतला. नवरा पुण्याचा, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात कामाला. तो ट्रॅफिकमधून वैतागून घरी आला की चहा व्हायच्या आत मी त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवायचे आणि त्याच्या हातांची तपासणी करायचे. नखं, बोटांचे सांधे, तळहात, मनगट, मूठ, चिमटीतली ताकद, कोपर. फोनवर वेळ लावलेली असायची.

"आज कॅबवाल्याने काय केलं माहितीये," असं तो सुरू करायचा.

"पेशंट बोलत नाही. हात उलटा कर."

पहिल्या दिवशी साडेआठ मिनिटं लागली. महिन्याभरात ती पाचाच्या आत आली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चार मिनिटं चाळीस सेकंद. नवरा म्हणाला, "तू आता माझ्याकडे बघतही नाहीस." मला ती शाबासकी वाटली.

परीक्षेच्या दिवशी त्याने सुट्टी घेतली आणि मला गाडीने सोडलं. जागा दोन होत्या आणि बाहेर बाकांवर आम्ही एकोणीस जण बसलो होतो. गेल्या वर्षीचे तिघे-चौघे चेहरे ओळखीचे होते. कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. एकजण डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत होता. सकाळी लेखी झालं, बरं गेलं. अकरा वाजता प्रात्यक्षिक सुरू झालं.

एका लांबट हॉलमध्ये सहा टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी एक पेशंट, एक परीक्षक, आणि काय करायचं ते लिहिलेला कागद. पाच मिनिटांनी घंटा झाली की पुढच्या टेबलावर सरकायचं. हे पेशंट परीक्षा घेणाऱ्या रुग्णालयाचेच जुने, आजार स्थिरावलेले. परीक्षेसाठी त्यांना फोन करून बोलावून घेत, येण्याजाण्याचं आणि जेवणाचं बघत. पहिल्या टेबलावर गुडघा होता, दुसऱ्यावर पाठ. दोन्ही घंटेच्या आधी संपली. दुसऱ्या परीक्षकाने मान डोलावलेली मी पाहिली आणि वाटलं, यंदा होणार.

तिसऱ्या टेबलावरचा कागद असा होता: हातांची तपासणी करा, माहिती विचारू नका. परीक्षक माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. बाहेरच्या राज्यातले होते, त्यांना ना कानडी येत होतं ना मराठी. समोर खुर्चीवर पन्नाशीची बाई बसली होती. बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली, मनगटं सुजून उतरलेली, म्हणजे जुना आमवात. ओळखायला सोपी केस. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

मी कानडीत म्हटलं, "हात पुढं करा अम्मा. दुखलं तर सांगा."

तिने हात उशीवर ठेवले आणि पुटपुटली, "आई गं."

"दुखतंय का मावशी?" माझ्या तोंडून मराठी निघालं.

तिने एकदम वर पाहिलं. "हात न्हाई दुखत बाई. तोंडात आग व्हतीया. चार दिस झालं, भाकरी गिळवंना."

"माहिती विचारायची नाही, डॉक्टर," परीक्षक इंग्रजीत म्हणाले.

"सॉरी सर," म्हणून मी नखांपासून सुरुवात केली. नखं, बोटांची टोकं, मधले सांधे. मोठ्याने सांगत चालले होते, पाठ केलेलं सगळं ओळीने येत होतं. डावा हात उलटा करताना तिच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आणि त्यांच्या खालच्या कातडीवर लाल-जांभळे बारीक ठिपके दिसले. टाचणीने टोचल्यासारखे, दाबलं तरी न मावळणारे.

इथे जे झालं ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी कळलं होतं. तोंडात आग आणि कातडीखाली रक्ताचे ठिपके, तेही आमवाताच्या पेशंटला. हे कुठल्या गोळीने होतं ते शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तरी मी थांबले नाही. मी पुढचा सांधा धरला. मनात म्हटलं, घंटा झाल्यावर सांगू. मग वाटलं, सहाही टेबलं झाली की सांगू, वीस मिनिटांनी काय बिघडतंय. मनगटापर्यंत पोचले. वीस-पंचवीस सेकंद गेले असतील. तेवढ्यात तिने पदर तोंडावरून काढला, थुंकी गिळायचा प्रयत्न केला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठाच्या आत पांढरी सालं लोंबत होती.

मी तिचा हात खाली ठेवला.

"मावशी, गोळ्या कुठल्या घेता? जवळ आहेत का?"

"डॉक्टर," परीक्षक म्हणाले, "तीन मिनिटं झाली आहेत."

तिने खुर्चीखालची कापडी पिशवी ओढली आणि दोन पाकिटं काढली. दोन्हींतल्या गोळ्या बारक्या, पिवळ्या. "ही रोजची. ही सोमवारची. गावातल्या दुकानात या खेपेला निराळी पाकिटं दिली, पर गोळी पिवळीच हाय."

मी नावं वाचली. आमवाताचं जे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं ते ती रोज घेत होती. त्याचा त्रास होऊ नये म्हणून रोज घ्यायचं जीवनसत्त्व ती सोमवारी घेत होती. दोन्ही पाकिटं मी परत वाचली, कारण माझा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

"कधीपासून?"

"चवथीच्या आधीपासनं. दोन हप्तं झालं आसतील."

"इथं आल्यावर कुणाला तोंडाचं सांगितलं नाही?"

"हातासाठी बोलावलं व्हतं नव्हं," ती म्हणाली.

मी उठून परीक्षकांना सांगितलं की यांना आत्ताच्या आत्ता दाखल करावं लागेल, रक्त तपासावं लागेल. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचा उमेदवार बोलता बोलता थांबला. परीक्षकांनी घड्याळाकडे बघून म्हटलं, "या पेशंटचे रिपोर्ट आम्ही पाहिले आहेत. तुम्ही मनगटावर होता. तिथून पुढे चला."

"रिपोर्ट कधीचे आहेत, सर?"

त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. ते वाईट नव्हते. त्यांनाही त्या दिवशी पंचवीस-तीस गोष्टी वेळेत उरकायच्या होत्या, आणि समोर एक उमेदवार नियम मोडून उभी होती. मी पाकीट त्यांच्यासमोर धरलं तेव्हाच घंटा झाली. पाठीमागे पुढचा उमेदवार येऊन उभा राहिला. मला चौथ्या टेबलावर जायचं होतं आणि मी जात नव्हते. तो मुलगा हळूच म्हणाला, "प्लीज, माझा वेळ चाललाय." बाई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, आपण काहीतरी चूक केली.

हॉलच्या टोकाला बसलेल्या विभागप्रमुख मॅडम उठून आल्या. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी फोनचा दिवा लावून बाईचं तोंड पाहिलं, बांगड्या वर सारल्या, पाकीट हातात घेतलं. मग त्या एका नर्सला म्हणाल्या, "व्हीलचेअर आणा." मला म्हणाल्या, "तुम्ही पुढच्या टेबलावर जा."

चौथं, पाचवं आणि सहावं टेबल कसं झालं ते मला नीट आठवत नाही. एका ठिकाणी मी उजव्या खांद्याला डावा म्हणाले एवढं आठवतं.

मुलाखत दुपारी होती. मॅडम मध्ये बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना दोघे जण.

"तिसऱ्या टेबलावर काय करायला सांगितलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"हात तपासायला."

"तपासलेत?"

"अर्धे."

उजवीकडचे सर म्हणाले, "समजा तुमचा अंदाज चुकला असता. साधे तोंडातले फोड निघाले असते. मग?"

"मग मी परीक्षा फुकट घालवली असती, सर."

ते हसले नाहीत. मॅडमनी माझा अर्ज बाजूला ठेवला. "त्या बाईंच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली आल्यात," त्या म्हणाल्या. "आज त्या बसने गावी परतल्या असत्या तर काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. पण त्या टेबलाचे मार्क हातांच्या तपासणीचे आहेत. जे तुम्ही मला दाखवलं नाही त्याचे मार्क मी कशी देणार? बाहेर अठरा जण आहेत."

मी "हो मॅडम" म्हटलं. मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, असं वाटत राहिलं.

जायच्या आधी मी वॉर्डात गेले. बाईला कोपऱ्यातला पलंग दिला होता, सलाईन चालू होतं, उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली होती. तिची मुलगी उशाशी बसली होती. तीच आईला अथणीजवळच्या त्यांच्या गावाहून घेऊन आली होती. बाईला ताप चढला होता तरी तिने मला ओळखलं.

"माझ्यापायी तुजी परीक्षा ऱ्हायली म्हनत्यात. खरं का?"

"नाही हो मावशी. झाली पूर्ण."

"मग बरं," म्हणून तिने डोळे मिटले. मुलगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता. तिने माझा फोन नंबर मागून घेतला.

त्या रात्रीपासून बाईची तब्येत बिघडत गेली. मुलगी मला रोज फोन करून पेशींचे आकडे सांगायची. चार दिवस आकडे खालीच जात होते. त्याच चार दिवसांत निकाल लागला. दोन जागा, आणि मी तिसरी. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव माझं. निवड झालेल्यांना फी भरायला दहा दिवस होते. दोघांपैकी एकाने दुसरीकडे जायचं ठरवलं तर जागा मला मिळणार होती.

ते दहा दिवस मी फोन खिशातून बाहेर ठेवून काम केलं. वाजला की हातातलं काम टाकून उचलायचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते रोज सकाळी फोन करून एवढंच विचारायचे, "सरी," म्हणजे कानडीत बरं, "काय कळलं?" मी म्हणायचे, "अजून नाही." कधी फोन वाजायचा आणि तो बाईच्या मुलीचा असायचा, आणि फेलोशिपचा नाही म्हणून मी क्षणभर हिरमुसायचे. मग त्याची लाज वाटायची. सहाव्या दिवशी मुलगी म्हणाली, "अक्का, आकडे वर आले. आईनं आज पेज घेतली." मी जिन्यात बसून रडले. ते आनंदाने होतं की दमल्यामुळे, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

दहाव्या दिवशी दुपारी फेलोशिपच्या रुग्णालयाच्या ऑफिसातून फोन आला. दोघांनीही फी भरली होती. यादी बंद झाली. मी नवऱ्याला मेसेज केला. तो लगेच फोन करून म्हणाला, "तू ते करायला नको होतंस असं वाटतंय का तुला?"

"नाही," मी म्हटलं. "पण ती जागा मला हवी होती."

"माहितीये," तो म्हणाला, आणि रात्री काय जेवायचं ते विचारलं. ते बरं केलं.

बाई दोन आठवड्यांनी घरी गेली. त्यानंतर मॅडमनी पेशंटना बोलावण्याची पद्धत बदलली. परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रत्येकाला आधी एक डॉक्टर विचारपूस करून तपासतो, हे मला नंतर कुणाकडून तरी कळलं.

पुढच्या वर्षी मी शहरातल्याच दुसऱ्या रुग्णालयात अर्ज केला. त्या परीक्षेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पेशंट ठणठणीत होते, घंटा वेळेवर वाजल्या, मी सगळी टेबलं पूर्ण केली आणि माझी निवड झाली. निकालाचा मेसेज आला तेव्हा मी वॉर्डात राउंडवर होते. सहा पलंग राहिले होते. ते सहा झाल्यावर मी घरी फोन केला.