धुतलेल्या तोंडाची माचो

सिउबी काकूला बसलेलं कुणी पाहिलंच नाही. हाइबुए गावच्या देवळात सकाळी केरसुणी घेऊन शिरली की दिवेलागणीपर्यंत तिच्या पायाला भिंगरी. उदबत्त्यांच्या जळक्या काड्या उपट, राख चाळ, आणि मध्येच हातातलं टाकून डाव्या कोनाड्यात डोकाव. तिथे वीतभर उंचीची एक माचो, म्हणजे समुद्रात राखणाऱ्या देवीची मूर्ती, होती. काकू तिच्यापुढे सगळ्या देवांहून जास्त उदबत्त्या लावायची आणि वाकून बघायची, तोंडावर धूर किती चढला ते. लोक म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय. लोकांचं काय जातंय बोलायला!

गाव जिला आई म्हणायचं ती थोरली माचो काळी होती. पलीकडच्या चुआनचौहून, काळा ओढा म्हणतात ती सामुद्रधुनी ओलांडून या बेटावर जी पहिली होडी आली तिच्यातून ती आली. तेव्हा तोंड गुलाबी होतं म्हणे, दीडशे वर्षांच्या धुरानं काळं झालं. पुढे बंदर गाळानं भरलं, होड्या गेल्या, पण ते काळं तोंड आहे म्हणून आपण आहोत, असं गाव मानायचं.

जपानी अमलात हुकूम सुटला की मूर्ती गोळा करून जाळा. वर गोड भाषेत सांगितलं, देवांना स्वर्गात परत पाठवतोय. सिउबीचे सासरे देवळाचे राखणदार. त्यांनी घरच्या मूर्तीला काजळी फासून ती ढिगात ठेवली आणि थोरलीला घरी रताळ्यांखाली लपवलं. दुसऱ्याच वर्षी ते गेले. नवरा आधीच समुद्रात बुडालेला. घरात उरल्या सिउबी, चार वर्षांची आहुन आणि रताळ्यांखालची थोरली. दारात पाऊल वाजलं की सिउबी रताळ्यांच्या ढिगापुढे जाऊन उभी राहायची.

मग कुणीतरी चुगली केली. शिपाई काळ्या तोंडाची मूर्ती शोधत घरोघर फिरू लागले. ते दोन गल्ल्यांवर आले तेव्हा सिउबीनं राखेचं पाणी घेतलं आणि काथ्यानं थोरलीचं तोंड खसाखसा घासलं. दीडशे वर्षांचा धूर परातीत उतरला. मग थोरलीच्या अंगात आहुनचं तान्हेपणीचं झबलं चढवलं आणि तिला आहुनच्या मांडीवर दिलं. शिपाई आला, पोरीच्या बाहुलीकडे बघून निघून गेला.

महिन्याभरात आहुन तापानं गेली. सिउबीनं मनाशी एकाला एक जोडलं. आईचं तोंड घासलं, आईनं पोर नेली.

लढाई संपल्यावर तिनं थोरलीला देवळात आणलं. पंचांचा मुख्य ओंग थिएनसुंग म्हणाला, आमची आई काळी, ही गुलाबी कशी? खरं सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यामागून आहुनचं नाव निघालं असतं, आणि कुणीतरी म्हणालं असतं, भोगलीस. सिउबी म्हणाली, रताळ्यांच्या ओलीनं रंग उडाला. कुणाला पटलं नाही. मग कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या, एक चपटी नि एक फुगीर बाजू वर आली की होकार, असे लागोपाठ तीन लागतात. दोन आले. तिसऱ्यांदा दोन्ही चपट्या वर, म्हणजे देवी हसली, होकार नाही.

"आईलासुद्धा हसू आलं, वहिनी," थिएनसुंग म्हणाला. थोरली गेली कोनाड्यात.

त्याला सव्वीस वर्षं झाली. यंदा जत्रेआधी नव्या पंचांनी कोनाड्यांतल्या मूर्ती धुऊन रंगवायला रंगारी बोलावला. त्यानं थोरलीला उचललं, फडका भिजवला, आणि काकू मध्ये येऊन उभी राहिली.

"हिच्या तोंडाला पाणी लावायचं नाही."

"अहो काकू, नुसती काजळी आहे."

"मी एकदा धुतलंय हे तोंड. शिपाई दारात येत होते म्हणून." ती म्हाताऱ्या थिएनसुंगकडे वळली. "ही थोरलीच आहे, भाऊजी. तेव्हा मी खोटं बोलले. धुतलं आणि महिन्यानं माझी आहुन गेली. मग तोंडच उघडेना."

ऐंशीचा थिएनसुंग खुर्चीतून उठला. मग त्यानं चंद्रकोरी मागवल्या आणि स्वतःच्या हातानं तिला दिल्या.

"मी विचारलं होतं, चुकलं. आता तू विचार. मनातल्या मनात."

काकूनं गुडघे टेकले. ओठ हलले. पहिला होकार आला, दुसरा आला. तिसराही आला. ढोल सुरू झाला. थोरलीला मधल्या आसनावर नेलं, थिएनसुंग रडला, रंगाऱ्यानं फडका खिशात घातला.

सगळ्यांना वाटलं, काकूनं विचारलं असेल, तू थोरलीच ना? ते तिला कधीच विचारायचं नव्हतं. तिनं विचारलं होतं, आहुनला तू रागानं नेलं नाहीस ना?

ढोल वाजत होता. काकू देवळाच्या पायरीवर बसली, आणि बसूनच राहिली.