भाडेवाढीची चिठ्ठी
नातीच्या ओल्या पाटीचा वास आला की निजामाच्या राज्यातलं आमचं नांदेडचं घर आठवतं. ओसरीपलीकडच्या खोलीतले भाडेकरू मास्तर रोज संध्याकाळी बायकोला अक्षरं शिकवायचे, आणि ते बघून माझा जीव जळायचा. मीच नवऱ्याच्या मागं लागून दसऱ्यापासून भाडं वाढवायला लावलं. मास्तर शाळेत गेल्यावर चिठ्ठीही मीच नेली. मास्तरांच्या बायकोचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. तिनं बोट ठेवत, अडखळत ती शेवटपर्यंत वाचली आणि चेहरा उजळून म्हणाली, “अक्का, समदं मी एकटीनं वाचलं.” मला तर त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, “अजून एक रुपया वाढवा.” आता नात माझा हात धरून गिरवून घेते, तरी त्या बाईवरचा राग गेला न्हाई.