शाळेचा माठ

नव्या माठाचा ओला वास आला, की आजही माझ्या उजव्या हाताची मूठ वळते.

पुसदच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला ‘कॅन’ घालून वाक्य करायचं होतं. कमलच्या घरचे वर्षापूर्वी बौद्ध झालेले. शाळेचा माठ तिला अजून बंदच होता. ती म्हणाली, “द स्कूल कॅन गिव्ह वॉटर टू ऑल.” शाळा सगळ्यांना पाणी देऊ शकते.

“वा! आता पाणी इंग्रजीत मागून राह्यली!” सर भडकले. “कुसुम, बरोबर का चूक?”

चुकलेलीच्या थोबाडीत बरोबर सांगणारीनं मारायची, ही वर्गाची रीत. मी “चूक” म्हणाले आणि नाकातून रक्त येईपर्यंत तिला मारलं.

“काहून मारलं वं?” कमलनं विचारलं. “तुले तर इंग्रजी येते ना?”

येत होतं, कमल. ‘बरोबर’ म्हणतासुद्धा आलं असतं.