चमचाभर विरजण

नंदे, अशी जवळ सरक. चाळ पाडल्यापासून आजवर एकदाही तोंड दाखवलं नाहीस, शोभतं का तुला?

काल सकाळी इथे बाराव्या मजल्यावर समोरची बाई वाटी घेऊन दाराबाहेर उभी होती. नुसती बंद दारांकडे बघत होती. म्हटलं, "काय हवंय, बाई?"

"चमचाभर विरजण मिळेल का हो?"

मी माझी रिकामी वाटी पुढे केली. मीही त्याच्याच शोधात निघाले होते. ती हसली नाही, मलाही हसू आलं नाही.

आपल्या चाळीत विरजण कुणी जपलं होतं का गं? संपलं की शेजारी मागायचं. म्हणून तर सामान बांधताना एकीनेही बरोबर घेतलं नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरीकडून मागू. आम्हाला निदान ही खोली मिळाली. तुम्ही पोटभाडेकरू, तुम्हाला काहीच नाही. इथलं भाडं परवडेना म्हणून तू बदलापूरला गेलीस, तुझ्या शेजारची सुमन गावी गेली.

शेवटी पाकिटातलं दही आणून दुधाला लावलं. लागलं, खाल्लं. चव काही कळली नाही.

दार मात्र अजून उघडंच ठेवते. आता पुन्हा लवकर ये. रिकाम्या हाती आलीस तरी चालेल.