साहेबाचं औषध आणि माझा डावा गुडघा

चहा आधी संपवा, मग सांगतो. कप हातात असताना ही गोष्ट ऐकून आमच्या जावयानं एकदा नव्या शर्टाची वाट लावली होती. माझी फजिती मीच सांगतोय म्हणून बरं. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

मी कुवेतला सुतार होतो. मीना अब्दुल्लाला रिफायनरीच्या अलीकडे आमच्या कंपनीचा कॅम्प होता, तिथं. आखातातली लढाई संपून सहा-सात वर्षं झाली असतील. शिक्षण माझं दुसरी, तीही मास्तरांनी कंटाळून पास केलेली. पण रंधा हातात आला की मी कुणाला ऐकत नसे. दारं, खिडक्या, पलंग, साहेब लोकांच्या बायकांची कपाटं, सगळं माझ्याकडे.

गाव संगमेश्वराकडचं. त्या शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नाचवायचा मान आमच्या घराला आला होता. भावकीत पाळी लावलेली असते, आमची बारा वर्षांनी येते. मी गेलो नाही तर मान जाणार चुलतभावाकडे, दत्तारामाकडे. दत्ताराम तसा चांगला माणूस, माझं काही म्हणणं नाही. पण त्यानं एकदा पालखी नाचवली असती, की पुढची बारा वर्षं त्यानं गावात मला नाचवलं असतं.

आणि सुट्टी? ती पुढच्या वर्षी. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, मधे घरी जायचं नाव नाही. फक्त आजारी माणसाला मुलखात उपचाराला सोडायचे.

आता माझं डोकं बघा. पालखी खांद्यावर घेऊन दोन दोन तास नाचायला जायचं होतं, त्यासाठी मी आजार कुठला काढला? गुडघा!

महिनाभर लंगडलो. कुठला पाय ते विसरू नये म्हणून विजारीच्या आत डाव्या गुडघ्याला चिंधी बांधून ठेवायचो. मेसमधल्या बंगाली आचाऱ्यानं मोहरीचं तेल गरम करून दिलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. अर्ज इंग्रजीत लिहिला आमच्या कुलकर्णी साहेबांनी. हे पुण्याचे इंजिनियर, माणूस सरळ. त्यांनी तीनदा विचारलं, भाऊ, नक्की दुखतो ना, खाली माझी सही आहे. मी म्हटलं, देवाशपथ. कुठल्या देवाची ते काही मी बोललो नाही.

अर्ज गेला आमच्या मुदीरकडे, म्हणजे कॅम्पच्या मोठ्या साहेबाकडे. वॉल्टर साहेब. अमेरिकन, साठीचा, उंच, आणि बाजाचं भयंकर वेड. कागद त्याच्या टेबलावर राहिला आणि मधेच आला साहेबाचा कार्यक्रम, ज्याची चर्चा कॅम्पात दोन महिने चालू होती.

साहेबाचा आजा म्हणे त्यांच्या मुलखात घोडागाडी घेऊन गावोगाव फिरायचा. गाडीत बाजेवाले. गावात शिरताना बाजा वाजवायचा, मग गाणी, मग नकला. गर्दी जमली की हळूच बाटल्या काढायच्या. सांधेदुखी, पोटदुखी, टक्कल, सासूचा त्रास, सगळ्याला एकच औषध. मग गर्दीतून त्यांचाच एक माणूस काठी टेकत लंगडत यायचा, दोन चमचे घ्यायचा, काठी फेकून नाचायला लागायचा. की खपल्या बाटल्या!

हे मला कुलकर्णी साहेबांनी सांगितलं. हे तर आमच्या जत्रेत मुंगूसवाला करायचा. त्यासाठी एवढा समुद्र ओलांडून अमेरिका कशाला शोधली?

तर तसा जुन्या काळचा खेळ साहेबाला कॅम्पात करायचा होता. स्टेज मी बांधलं, चांगल्या टणक फळ्यांचं. फळ्या वाहताना अर्थातच लंगडत होतो. साहेबानं ते बघितलं आणि खूश होऊन माझ्याकडे बोट केलं. त्याला त्याचा लंगडा सापडला होता.

मीही खूश. जो माणूस रजेवर सही करणार, तोच म्हणतोय की मला तुझं लंगडणं जवळून दाखव. आणखी काय पाहिजे? तो इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगत होता, मी प्रत्येक वाक्याला येस सर म्हणत होतो. परदेशात एवढं इंग्रजी पुरतं. नडतंही तेवढंच.

शुक्रवारी दुपारी जेवताना कुलकर्णी साहेब म्हणाले, "भाऊ, लक्षात आहे ना? दुसऱ्या चमच्याला काठी फेकायची आणि नाचायचं."

माझा घास हातात राहिला. मी विचारलं, "अर्जावर सही झाली का?"

"उद्या सकाळी करतो म्हणालेत."

"मग मला यातून काढा."

"अहो, नाटक आहे ते. गुडघा दुखत असेल तर जरा हळू नाचा."

नाटक त्यांच्यासाठी हो. आमच्याकडे नमनाच्या खेळात एकजण रावण व्हायचा, त्याच्या मुलीचं लग्न जमायला लोकांपेक्षा दोन वर्षं जास्त लागली. लोक डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाहीत. आज साहेबाच्या समोर नाचलो, तर उद्या सही करताना त्याला माझा गुडघा आठवेल की माझा नाच?

पण आता दुसरा लंगडा आणणार कुठून? जावं लागलं.

अस्रची, म्हणजे दुपारनंतरची बांग होऊन गेली आणि खेळ सुरू झाला. पुढे खुर्च्यांवर साहेब लोकांची कुटुंबं, मागे वाळूत आमचे तीनेकशे कामगार. स्टेजवर सगळे गोरे, गवती टोप्या, चिकटवलेल्या मिशा. दोन व्हायोलिन, एक त्यांचा तो गोल तोंडाचा बँजो, एक पितळी पिपाणी आणि एक मोठा ढोल. गाणी त्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळची. एक नदीतल्या बोटीवरचं, एक मागे राहिलेल्या पोरीवरचं, एक चक्क अडून बसलेल्या खेचरावरचं. ते खेचराचं मला फार पटलं. कारण थोड्या वेळानं मी तेच करणार होतो.

वॉल्टर साहेब काळा कोट, उंच टोपी घालून डॉक्टर झाला होता. बाटलीत खजुराच्या पाकाचं पाणी. त्यानं लांबलचक भाषण केलं आणि मला हाक मारली. मी काठी टेकत, कण्हत वर चढलो. मागून आमची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. पहिला चमचा. ढोल वाजला. साहेबानं खूण केली, बरं वाटतंय?

मी मान हलवली. "स्टिल पेन, सर."

हे बरोबर होतं. दुसरा चमचा. ढोल, पिपाणी. साहेबानं दोन्ही हात पसरून लोकांना दाखवलं, आता बघा चमत्कार. मी काठी घट्ट धरली.

"स्टिल पेन, सर."

साहेबाची मिशी जराशी सुटली. त्यानं तिसरा चमचा दिला, माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, डान्स, डान्स. विंगेतून कुलकर्णी साहेब काठी फेकायच्या खुणा करून घामाघूम. मी पाहिलंच नाही असं केलं. चौथा चमचा. स्टिल पेन, सर. आता लोक हसायला लागले. औषध विकणारा घाबरलाय आणि पेशंट काही बरा होत नाही, असा खेळ त्यांनीही कधी बघितला नसावा.

साहेबही हाडाचा खेळ्या निघाला. आमच्या नमनात लिहिलेलं काही नसतं, समोरचा टाकेल ते उचलायचं. तसं त्यानं उचललं. औषध माझ्या गुडघ्याला चोळलं. स्टिल पेन. टकलावर ओतलं. स्टिल पेन, सर, डोकं पण. मी दोनदा धाडकन पडून दाखवलं. बाजेवाल्यांनी मग नाचाची चाल धरली, आणि त्या ढोलवाल्याला सुचलं काय कोण जाणे, हळूहळू ठेका असा चढवत नेला की मला आमचा पालखी ठेवतात त्या सहाणेवरचा ढोल आठवला. डाव्या पायाचा अंगठा हलायला लागला. मी उजवा पाय त्याच्यावर ठेवून उभा राहिलो. पालखीसाठी पालखीचाच ठेका मी पायाखाली दाबून धरला होता, काय म्हणायचं याला?

शेवटी साहेबानं उरलेली बाटली स्वतःच पिऊन टाकली, पोट धरलं, माझी काठी हिसकावली आणि तोच लंगडत लंगडत निघून गेला. मी मधोमध, काठीशिवाय. चालावं तर बरा झालो. म्हणून मी एका पायावर उड्या मारत बाहेर पडलो. तीनशे माणसं वाळूत लोळत होती.

मी मनात म्हटलं, जिंकलास बाबा. आता रजा कुठे जाते!

शनिवारी सकाळी साहेबानं बोलावलं. कुलकर्णी साहेब दुभाषे. माझा अर्ज टेबलावरच. साहेब उठून आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बोलला. डोळ्यांत त्याच्या पाणी.

कुलकर्णी साहेब सांगायला लागले, "भाऊ, ते म्हणतायत, त्यांच्या आजाकडे सुद्धा असा नट नव्हता. ते म्हणतायत, महिनाभर तुम्ही कॅम्पात लंगडत होतात तो सराव होता, हे त्यांना काल कळलं. लोकांना खरं वाटावं म्हणून खोटा अर्जसुद्धा केलात." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि त्यावर माझी सही आहे."

गुडघा खरा म्हणावं तर काल एवढा आपटलो कसा? रजेसाठी खोटा केला म्हणावं तर नोकरी जाते. साहेबानं हसत हसत अर्ज फाडला. अहमदीच्या क्लबानं आणि दस्मानकडच्या एका बंगल्यानं आमचा खेळ मागितला होता, पुढचे तीन शुक्रवार. माझ्याशिवाय खेळ नाही म्हणे. तिकडे होळी लागली, पालखी उठली, दत्तारामानं ती नाचवली. आणि त्याच दिवशी मी दस्मानला बंगल्याच्या हिरवळीवर स्टेज मांडून, टकलावर खजुराचं पाणी घेऊन, स्टिल पेन, सर.

तिन्ही खेळांत पडायचं ते आमच्याच फळ्यांवर. तिसऱ्या खेळानंतर डावा गुडघा खरंच सुजला. पाय टेकवेना. दोन दिवस अंथरुणात काढले, मग भिंतीला धरून धरून साहेबाच्या हापिसात गेलो. दारातच थांबलो, विजार वर केली, सूज दाखवली आणि रडकुंडीला येऊन म्हटलं, "पेन, सर. रियल पेन."

साहेब खुर्चीतून उठला. त्यानं आतल्या सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं, टायपिस्ट, अकाउंटवाले, चहावाला मलबारी, सगळे. सगळ्यांनी माझा गुडघा बघितला आणि अख्ख्या हापिसानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी काय करणार? स्टेजवरची सवय. वाकून सलाम केला. आणि वाकताना जी काही कळ आली, देवाशपथ सांगतो, तेव्हा त्यांनी टाळ्या आणखी जोरात वाजवल्या.